कप्तानचं शेवटचं वाक्य

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्ता मावशीकडून घेतला. द्यावा की न द्यावा यावर तिने दोन दिवस घालवले, म्हणजे तू तिला बजावून ठेवलेलं असणार. तिच्यावर रागावू नकोस, मीच पिच्छा पुरवला.

सहा वर्षांनी लिहितेय आणि कारण ऐकलंस तर तुला हसू येईल. 'शून्यद्वार'चा तिसरा भाग लागलाय. तिकडे तुझ्या बंदराच्या गावात तो मूळ भाषेतच लागला असेल. इथे आपल्या भाषेत लागलाय आणि त्याचे संवाद मी लिहिलेत. तू गेलास तेव्हा मी औषधांच्या खोक्यांवरच्या सूचनांची भाषांतरं करायचे, 'जेवणानंतर दोन वेळा' वगैरे. गेली चार वर्षं एका डबिंग स्टुडिओत आहे. काम बरं आहे. खोलीला खिडकी नाही, एवढंच.

शेवट सांगते. पाहिला नसशील तर एवढा परिच्छेद सोडून दे. कप्तान ते दार आतून बंद करते. ते आतूनच बंद होतं हे पहिल्या भागात सांगून झालं होतं, आणि तेव्हा बाबा थिएटरात चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले होते की हे दार बसवणाऱ्या इंजिनियरला आधी कामावरून काढा. तर यंत्रांचं सगळं सैन्य पलीकडे अडकतं आणि तीही पलीकडेच राहते. वायरलेसवर तिचा सहवैमानिक विचारतो, "कप्तान, काय करताय?" ती दोन शब्द बोलते. पडदा पांढरा होतो. मग दाराशेजारचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो, आणि संपलं.

ते दोन शब्द मी लिहिले. "येते मी."

त्यावरून आता शहरात दोन तट पडलेत. एकांना 'येणारवाले' म्हणतात, दुसऱ्यांना 'गेलीवाले'. येणारवाल्यांचं म्हणणं असं की ती स्वतःच्या तोंडाने येते म्हणाली, तेव्हा ती जिवंत आहे आणि चौथा भाग येणार. गेलीवाले म्हणतात, आपण दूध आणायला निघालो तरी येतोच म्हणतो, जातो कुणीच म्हणत नाही, त्यावरून काय सिद्ध होतं? लोक थिएटरबाहेर उभे राहून वाद घालतात. स्टुडिओच्या पत्त्यावर रोज तीस-चाळीस पत्रं येतात. एकाने तर वर्तमानपत्रात मोठा लेख लिहिला.

मी तसं का लिहिलं म्हणशील तर ओठांच्या जुळणीसाठी. नटीचं तोंड जसं हलतं तसा शब्द बसवावा लागतो. बाकी काही नाही.

दुसरा भाग बघून आपण घरापर्यंत चालत आलो होतो आणि सगळ्या रस्त्याने भांडलो होतो. तू म्हणालास, पुढच्या भागात कप्तान मरणार, दुसरा शेवट असूच शकत नाही. मी म्हटलं, एवढी मेहनत घेऊन कुणी नायिकेला मारत नाही. तुझंच खरं निघालं. ते कळवायला हे पत्र.

ताई

रविवार, २३ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. मी धरूनही चालले नव्हते.

आज त्या लोकांच्या सभेला जाऊन आले. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतात. मी मागच्या रांगेत बसले. साठेक माणसं असतील. वीस-बावीसची पोरं जास्त, पण म्हातारेही होते. एक बाई तर विणकाम घेऊन आल्या होत्या.

येणारवाल्यांच्या पुढारी एक दातांच्या डॉक्टर आहेत. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. दवाखान्यातून थेट आल्या होत्या, पांढरा कोट पिशवीत कोंबलेला. गेलीवाल्यांकडून एक गणिताचे सर बोलतात. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात तीन पेनं. दोघं एकमेकांना 'आपण' म्हणतात आणि एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत.

डॉक्टर म्हणाल्या, "माझ्या खुर्चीतून उठताना पेशंट काय म्हणतो? येतो डॉक्टर. आणि येतो का नाही?"

"नव्वद टक्के येत असतील," सर म्हणाले. "दहा टक्के दुसरा डॉक्टर शोधतात."

लोक हसले. डॉक्टरही हसल्या.

"बरं, दिव्याचं काय?" त्यांनी विचारलं. "हिरवा दिवा कशासाठी दाखवला मग?"

सर फळ्यापाशी गेले. त्यांनी दार काढलं, दिवा काढला, सेकंदांचे आकडे मांडले. "एकदा लुकलुकला. तो निरोप असता तर पुन्हा लुकलुकला असता. बॅटरी संपत आली की असंच होतं. आपण फार तर एवढंच म्हणू शकतो, की दाराची बॅटरी संपली."

"आणि ती म्हणाली ते?"

"ती म्हणाली ते तिने म्हटलंय की भाषांतर करणाऱ्याने, हे आपल्याला ठाऊक नाही."

त्यावर डॉक्टर जराशा चिडल्या. "सर, भाषांतर करणारा काय झोपेत लिहितो का? त्याने चार वेळा विचार केला असेल. येते लिहिलंय म्हणजे मुळात तसंच काहीतरी असणार. एवढा तरी विश्वास ठेवाल की नाही माणसावर?"

मी चहा पीत होते. मध्यंतरात डॉक्टर रांगांमधून फिरत माझ्यापाशी आल्या. "तुम्ही नवीन दिसता. कुठल्या बाजूच्या?"

"मी नुसती ऐकायला आलेय," मी म्हटलं.

"ऐका, ऐका. दोन रविवारांत आमच्या बाजूला याल."

माणसं चांगली आहेत. सभा संपल्यावर सगळ्यांनी मिळून खुर्च्या रचून ठेवल्या. मीही रचल्या.

ताई

गुरुवार, ६ मार्च

धाकट्या,

गणिताच्या सरांनी मूळ चित्रपट मिळवला. शब्दकोश घेऊन बसले आणि शेवटच्या वाक्याचा उलगडा करून सगळीकडे पाठवून दिला. मूळ भाषेत ती जे क्रियापद वापरते ते फक्त परत न येणाऱ्या माणसासाठी वापरतात. त्यात दुसरा अर्थ निघायला जागाच नाही. 'येते मी' हे भाषांतर नाही, असं त्यांनी खाली लिहिलंय, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्यात.

स्टुडिओच्या मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. समोर छापलेला कागद होता.

"हे काय आहे?"

"ओठांची जुळणी होत नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी ते दृश्य लावलं. आवाज बंद करून चार वेळा दाखवलं. नटीचं तोंड 'आ' होऊन उघडतं. तिथे 'जा' चपखल बसतो आणि 'ये' अजिबात बसत नाही. उलट रेकॉर्डिस्टला त्या जागी आवाज ओढून बसवावा लागला होता. हे त्यांनाही दिसलं, मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"बघू," एवढंच म्हणाल्या. वेळ मारून न्यायची माझी सवय त्यांना नवीन आहे. तुला नाही.

तेव्हा पहिल्या पत्रातलं ओठांचं कारण खोटं होतं. वाक्य समोर आलं तेव्हा अर्थ मला नीट कळला होता. मी 'जाते मी' लिहिलंही होतं. मग दोन दिवसांनी ते खोडलं. थिएटरात बसलेल्या कुणाला एवढं सरळ सांगायचं माझ्या जिवावर आलं. ज्याला आशा ठेवायची त्याने ठेवावी, असं मनाशी ठरवून टाकलं. ठरवायचं काम माझं नव्हतं.

ताई

रविवार, ९ मार्च

धाकट्या,

आज सभेला गेले नाही. घरी बसून हे लिहितेय.

तुझं माझ्याविरुद्धचं म्हणणं एकच आहे आणि ते तू निघताना दारात उभा राहून सांगितलंस: बाबा जाणार हे मला माहीत होतं आणि मी तुला कळवलं नाही. त्यावर तेव्हा मी म्हटलं होतं की डॉक्टरांनी महिनाभर तरी काही नाही असं सांगितलं होतं. ते खोटं. डॉक्टरांनी सोमवारी दुपारीच सांगितलं होतं की चार-पाच दिवस, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला आणि म्हटलं, बाबांचं ठीक आहे, घाई करू नकोस, आधी ट्रेनिंग संपव.

तुझ्या क्रेनच्या ट्रेनिंगचे तीन आठवडे राहिले होते. मध्ये सुट्टी घेतली तर नाव कमी करतात, असं तूच सांगितलं होतंस. मी ते कारण पुढे केलं आणि मावशीनेही ते मानलं. कारण खरंच आहे, पण पुरं नाही. दोन वर्षं बाबांचं सगळं मी केलं होतं. अंघोळी, औषधं, त्यांची चिडचिड, पहाटेचा खोकला. तू सहा महिन्यांतून एकदा यायचास, त्यांना हसवायचास, आणि तू गेल्यावर ते आठवडाभर तुझंच बोलायचे. शेवटचे चार दिवस मला ते माझ्याजवळ हवे होते. असं मी तेव्हा स्वतःशीही म्हटलं नाही. आता म्हणते.

आणखी एक गोष्ट तुला कुणीच सांगितलेली नाही, कारण माझ्याशिवाय ती कुणाला माहीत नाही. बाबांनी तुझी चौकशी केली होती. तू धरून चाललास की त्यांनी तुझं नावही काढलं नाही, आणि मी तुला तसं धरून चालू दिलं. त्यांनी विचारलं, धाकटा निघाला का? मी म्हटलं, निघालाय. ते ऐकून त्यांना बरं वाटलं.

म्हणजे त्या आठवड्यात मी दोघांना दोन गोष्टी सांगितल्या. त्यांना सांगितलं तू येतोयस, आणि तुला सांगितलं येऊ नकोस.

यावर तू काय करायचं ते मी सुचवत नाही.

ताई

सोमवार, १७ मार्च

धाकट्या,

काल सभेत उभी राहिले. आधी ठरवलं नव्हतं. डॉक्टर म्हणत होत्या की सरांचा शब्दकोश जुना आहे, भाषा बदलतात, आणि भाषांतर करणाऱ्या माणसाला बोलावून एकदा समोरासमोर विचारायला हवं. तेव्हा मी हात वर केला.

"ते संवाद मी लिहिलेत," मी म्हटलं. "सरांचं बरोबर आहे. मूळ वाक्यात ती परत येणार नाही असंच आहे. मला ते समजलं होतं. मी जाणूनबुजून बदललं."

कुणीतरी हळूच "का पण?" असं विचारलं. मी सांगितलं की शेवट मला फार कठोर वाटला.

मला वाटत होतं की सर खूश होतील. ते खडू हातात घेऊन तसेच उभे होते. मग म्हणाले, "बाई, मी हे सिद्ध केलं होतं. आता लोक म्हणतील, बाईंनी सांगितलं म्हणून खरं." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांच्या मागच्या फळ्यावर सेकंदांचे आकडे तसेच होते.

डॉक्टर रांगेतून वाट काढत माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, चित्रपटाबद्दल काही बोलतील.

"तुम्ही त्या रविवारी मागे बसला होतात," त्या म्हणाल्या. "चहा पीत. मी तुम्हाला विचारलंसुद्धा."

"हो."

"मी सगळ्यांसमोर तुमची बाजू घेत होते. झोपेत लिहितो का म्हटलं, विश्वास ठेवा म्हटलं. तेव्हा का नाही बोललात?"

चूक केली म्हणून त्या चिडल्या नव्हत्या. चूक काय, दुरुस्त होते. त्या माझी बाजू घेऊन मूर्ख ठरत असताना मी तिथेच बसून ऐकत राहिले, हे त्यांना लागलं होतं. तू दारात उभा होतास तेव्हा नेमकं हेच म्हणत होतास का, असा विचार तिथे उभ्याउभ्या मनात आला. मी सहा वर्षं समजत होते की तुझा राग फोनवरच्या त्या एका वाक्यावर आहे.

त्या पिशवी उचलून निघून गेल्या. खुर्च्या बाकीच्यांनी रचल्या. माझ्या हातातली खुर्ची एका पोराने काढून घेतली.

स्टुडिओत ते वाक्य पुन्हा रेकॉर्ड झालं. घरी बघण्यासाठी जी आवृत्ती निघेल तिच्यात नवं वाक्य असेल. आवाज देणाऱ्या बाईंनी तीनदा प्रयत्न केला. "जाते मी म्हणायला जीभ वळत नाही हो," असं म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी ऐकलं तर घरात घ्यायच्या नाहीत." चौथ्या वेळी त्यांनी ते अगदी सरळ म्हटलं, खाली जाऊन नळ बंद करून येते म्हणावं तसं, आणि तेच ठेवलं. ऐकायला चांगलं वाटतं. आधीच्यापेक्षा चांगलं, हे कबूल करायला हवं.

मालकीणबाईंनी मला मोठ्या चित्रपटांवरून काढलंय. आता लहान मुलांची मालिका लिहिते. त्यात एक बस बोलते. बसचे ओठ नाहीत, त्यामुळे जुळणीचा प्रश्न येत नाही.

ताई

बुधवार, २ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड काल मिळालं. तू तिसरा भाग पाहिलास का, माझी पत्रं वाचून काय वाटलं, यातलं काही नाही. दोनच ओळी. "बाबा नेमकं काय म्हणाले? जसंच्या तसं लिही, तुझे शब्द नकोत."

लिहिते.

सोमवारी रात्रीपर्यंत ते काही बोलले नाहीत, गुंगीत होते. मंगळवारी सकाळी नर्स पलंगाची उशाकडची बाजू वर करून गेली. तेव्हा म्हणाले, "धाकट्याला कळवलंस?"

मी म्हटलं, हो.

"मग?"

"निघालाय."

"किती लागतात पोचायला?"

"दोन दिवस."

"मला वाटलं दीड."

बुधवारी दुपारी वॉर्डाबाहेरची लिफ्ट खाली-वर होत होती. म्हणाले, "दोर घासतोय. खाली सांगून ये." मी जाऊन आले. "सांगितलंस?" "हो." खरंच सांगितलं होतं. संध्याकाळी म्हणाले, "त्याला माझा रेझर देऊन टाक, नवीन पाती आहेत." रेझर मी तुला दिला नाही, तो माझ्याकडे आहे. पुढच्या टपालाने पाठवते.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला विचारलं, "कुठवर आला?"

मी म्हटलं, अर्ध्या वाटेवर असेल.

"फोन लाव. बोलतो."

"प्रवासात लागत नाही, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू त्याला सांगितलंच नाहीस." विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "का केलंस ते तुझं तू बघ. पण मला त्याला बघायचं होतं."

नंतर पाणी मागितलं. दोन घोट प्यायले, तिसरा ओघळला, तो मी पुसला. तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. दुपारी नर्सला म्हणाले, "खिडकी लावा." शुक्रवारी साडेअकराला गेले.

नऊ मार्चच्या पत्रात मी लिहिलंय की तू निघालास हे ऐकून त्यांना बरं वाटलं. ती ओळ खोड.

टेलिफोन वॉर्डाबाहेर होता, लिफ्टच्या शेजारी, पलंगापासून पंधरा पावलांवर. त्याची वायर लांब होती, नर्स तो टेबलासकट पलंगापर्यंत ओढून आणायच्या, इतर पेशंटसाठी आणलेला मी पाहिला होता. गुरुवारी दहा वाजता मी तुला लावला असता तर तू पोचला नसतास. दोन दिवसांचा रस्ता होता. पण ते तुझ्याशी बोलले असते. शुद्धीवर होते, आवाज स्पष्ट होता, आणि तुझी सकाळची पाळी अकराला सुरू व्हायची हे मला माहीत होतं.

ताई